मिनिटभर अडकणारा गेम : एका डेस्कटॉपची पूर्ण तपासणी

इचलकरंजीतल्या एका यंत्रमागवाल्या घरातला हा डेस्कटॉप. वापरणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तक्रार एका ओळीची होती : गेम खेळताना मध्येच चित्र गोठतं, जवळजवळ मिनिटभर काही हलत नाही आणि मग आपोआप पुढे सुरू होतं. मशीन रीस्टार्ट होत नाही, निळा स्क्रीन येत नाही, कसलाही एरर दिसत नाही. माझ्याकडे हे आलं तोवर विंडोज फॉरमॅट करून झालं होतं, ग्राफिक्सचे ड्रायव्हर पुसून नव्याने टाकून झाले होते आणि एका दुकानातून ‘कार्ड गेलंय, बदलून टाका’ असा निकालही मिळाला होता. नवं कार्ड म्हणजे पंचवीस-तीस हजारांची गोष्ट. वडील मनातून तयार झाले होते. कार्डाला शेवटपर्यंत हात लावायची गरज पडली नाही, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

गेम अडकला की सगळ्यांचं लक्ष थांबलेल्या गोष्टीकडे जातं. चित्र थांबलं, चित्र काढतं कार्ड, म्हणजे दोष कार्डाचा. माझं म्हणणं असं की त्या मिनिटभरात काय चालू राहिलं ते आधी पाहावं. आवाज चालू होता का, माउस हलत होता का, मित्रांशी बोलणं सुरू होतं का? एवढ्या उत्तरांवर निम्मे संशयित गळून पडतात, तेही स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता.

मशीन असं होतं : रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय. विंडोज ११ होतं ५०० जीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर, म्हणजे मदरबोर्डावर थेट बसणाऱ्या पट्टीवर. गेम सगळे दुसऱ्या डिस्कवर, १ टीबीच्या अडीच इंची साटा एसएसडीवर, म्हणजे मदरबोर्डाला केबलीने जोडायच्या डिस्कवर. विंडोज एकीकडे आणि गेम दुसरीकडे, ही विभागणी लक्षात असू द्या. पुढचा सगळा उलगडा तिच्यामुळेच सोपा झाला.

आधी विचारपूस

‘कधीपासून होतंय?’ या प्रश्नाला मुलाने लगेच उत्तर दिलं, “दादा, दिवाळीनंतर.” दिवाळीत काय केलं होतं? साफसफाई. घराला लागून माग असले की कापसाचे बारीक तंतू कुठे शिरतील सांगता येत नाही. कूलरच्या पात्यांवर आणि जाळीवर त्यांचा जाड थर बसतो. या मुलाने आणि त्याच्या आतेभावाने कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला, कार्ड आणि रॅम काढून पुसून परत बसवल्या, मागच्या बाजूचा वायरींचा गुंता सोडवून व्यवस्थित बांधला. काम मन लावून केलेलं होतं. त्याआधी वर्षभर मशीनने काही त्रास दिला नव्हता. ही गोष्ट दुकानात कुणी सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती. साफ केल्यावर मशीन सुधारणार, बिघडेल कशाला, असा घरातला समज होता.

‘कोणत्या गेममध्ये होतं?’ जीटीए फाइव्हमध्ये सर्वांत जास्त, तेही गाडी जोरात पळवताना. फोर्झा होरायझन ५ मध्ये अधूनमधून. वॅलोरंटमध्ये मात्र कधीच नाही. हा फरक बोलका आहे. जीटीए किंवा फोर्झासारख्या गेमचं जग प्रचंड असतं, ते एका वेळी मेमरीत मावत नाही. गाडी पुढे जाते तसे पुढचे रस्ते, इमारती, झाडं डिस्कवरून सतत उचलली जातात आणि मागचं सोडून दिलं जातं. वॅलोरंटमध्ये मॅच सुरू होण्याआधीच नकाशा मेमरीत येऊन बसतो, नंतर डिस्कला फारसं काम राहत नाही. अर्थात एवढ्यावरून कार्ड निर्दोष ठरत नाही, कारण वॅलोरंट कार्डावरही तुलनेने कमी भार टाकतो. पण डिस्ककडे बोट दाखवणारी ही पहिली खूण होती.

तिसरी माहिती सगळ्यांना चक्रावून टाकणारी होती. दुकानात हे मशीन नीट चालायचं. तिथे रात्रभर फरमार्क हा कार्डावर भार टाकणारा प्रोग्रॅम लावून ठेवला, कार्ड तापलं, पण अडकलं नाही. घरी आणलं की संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा विंडोज नवं, ड्रायव्हर नवे, मग राहिलं काय, तर कार्ड, असा निष्कर्ष काढला गेला. वडिलांचं मत वेगळं होतं. “अहो, आमच्याकडे लाइटच धड नाही. माग सुरू झाले की व्होल्टेज खाली येतंय. दुकानात लाइट चांगली, म्हणून तिथं चालतंय.” त्यांचा अंदाज सहज खरा वाटण्यासारखा होता आणि तो तपासायलाच हवा होता. पण वीज कमी पडल्याची लक्षणं वेगळी असतात. आजचे बहुतेक पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतात. त्यापलीकडे वीज गेली तर काही मिलिसेकंदांपुरता साठा असतो, तो संपला की मशीन बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं. मिनिटभर थांबून जिथल्या तिथून पुन्हा खेळायला लागणं हे विजेच्या झटक्याने होत नाही. तरी मल्टिमीटर लावून सॉकेट आणि अर्थिंग पाहून घेतलं. दोन्ही ठीक होतं.

फोनवरचा व्हिडिओ

मशीन उघडण्याआधी मी मुलाला एकच काम सांगितलं. डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळताना बोलायच्या ॲपवर, मित्रांना घे, फोन समोर उभा करून रेकॉर्डिंग चालू ठेव आणि गेम अडकेपर्यंत खेळ. अडकल्यावर बटणं बडवायची नाहीत. कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो का पाहायचं, माउस हलवून पाहायचा आणि तोंडाने सांगत राहायचं.

व्हिडिओ दोन-तीन वेळा पाहिल्यावर हातात आलं ते असं. गाडी पुलावर असताना चित्र थांबलं. इंजिनाचा आवाज एकाच सुरात चालू राहिला. गाडीतल्या रेडिओवरचं गाणं मात्र काही सेकंद वाजून तुटलं. डिस्कॉर्डवर मित्र ‘अरे, अडकला का परत?’ म्हणत होते आणि हा त्यांना ‘हो, झालंच’ म्हणून उत्तर देत होता. त्यांनाही ते ऐकू जात होतं. कॅप्स लॉकचा दिवा लागत होता, विझत होता. मिनिटाच्या आसपास चित्र एकदम सुटलं आणि गाडी पुढे गेली.

तुटलेलं गाणं हा या व्हिडिओतला सर्वांत मोलाचा धागा. इंजिनाचा आवाज आधीच मेमरीत असतो, म्हणून तो घुमत राहिला. गाणं लांब, ते तुकड्यातुकड्याने डिस्कवरून येतं. मेमरीत आलेला तुकडा वाजून संपला आणि पुढचा आलाच नाही. प्रोसेसर चालू, रॅम चालू, इंटरनेट चालू, साउंड चालू. ज्याला ज्याला गेमच्या डिस्कवरून काही हवं होतं तेवढंच उपाशी राहिलं.

आता बाकीचे फ्रीज कसे दिसतात ते याच्या शेजारी ठेवून पाहू, कारण ‘गेम हँग होतो’ या एका वाक्याखाली निदान पाच वेगवेगळे बिघाड येतात.

रॅम, प्रोसेसर किंवा पॉवर सप्लायचा दोष असला की बहुधा सगळं मशीन एका क्षणी मरतं. आवाज शेवटच्या तुकड्यावर अडकून घर्रर्र करत राहतो, कॅप्स लॉकचा दिवा दाद देत नाही, पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नसते. नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ ही नोंद मिळते. ती फक्त ‘मशीन नीट बंद न होता बंद झालं’ एवढंच सांगते; कारण सांगत नाही. अनेक जण तिलाच आजार समजून बसतात. प्रोसेसर किंवा मेमरीकडून हार्डवेअरची चूक कळवली गेली असेल तर व्हिया-लॉगर या नावाच्या नोंदी सापडतात. इथे दोन्ही नव्हत्या. मुलाने एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून रॅम हळू चालवून पाहिली होती, रॅम तपासणारा मेमटेस्टही लावला होता. त्यात काही निघालं नव्हतं.

कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर अडकला तर विंडोज फार वेळ थांबत नाही. ठरलेली मुदत २ सेकंदांची असते. तेवढ्यात कार्डाने उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हरच नव्याने सुरू करतं. स्क्रीन क्षणभर काळा होतो, परत येतो, गेम बहुतेक वेळा त्यातच मरतो, आणि ‘डिस्प्ले’ या नावाने ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. या मशीनवर अशी एकही नोंद नव्हती. मुलाने कुठेतरी वाचून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, ही २ सेकंदांची मुदत वाढवून ठेवली होती, तेवढी मी आधी मूळ जागी आणली. ती वाढवल्याने कार्डाचा दोष दुरुस्त होत नाही. असलाच, तर लपतो.

रायझनच्या मशीनवर आणखी एक संशयित नेहमी तपासावा लागतो. २०२२ च्या मार्चमध्ये एएमडीने स्वतः जाहीर केलं होतं की काही रायझन मशीनवर प्रोसेसरमधल्या टीपीएम या सुरक्षेच्या भागामुळे सगळं मशीन मधूनमधून थबकतं, कारण त्याला मदरबोर्डावरच्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) चिपशी लांबलचक देवाणघेवाण करावी लागते. उपाय बायोस अपडेटमधून आला, एजीसा या बायोसमधल्या एएमडीच्या भागाच्या १.२.०.७ आवृत्तीपासून, त्याच वर्षीच्या मे महिन्यानंतर. पण त्या थबकण्यात माउस आणि आवाज दोन्ही अडखळतात, आणि ते थोडाच वेळ टिकतं. या मशीनचा बायोसही त्यानंतरचा होता. हाही संशयित सुटला.

उष्णतेचा संशय कापसाच्या तंतूंमुळे स्वाभाविक होता. पण तापलेला प्रोसेसर किंवा कार्ड स्वतःचा वेग कमी करतं. गेम ओढत-ओढत चालतो, फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला दिसणारी चित्रं, कमी होतात. अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद होतं. इथे तर नुकतीच सफाई झालेली आणि तापमान मर्यादेच्या बरंच आत होतं.

वेळेची लांबी

मुलाला मी वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक वेळी गेम कधी अडकला आणि कधी सुटला ते लिहायला सांगितलं होतं. त्यातून आणखी एक गोष्ट दिसली. अडकण्याच्या वेळा कशाही होत्या, कधी लागोपाठ, कधी तासभर काही नाही. पण अडकण्याची लांबी जवळपास सारखी, मिनिटाच्या अलीकडे-पलीकडे. बिघाड इतका वक्तशीर नसतो. लांबी सारखी असेल तर कुठेतरी कुणीतरी घड्याळ लावून वाट पाहतंय, असं धरून चालावं. २ सेकंदांचं घड्याळ कार्डाचं, ते वर सांगितलं. डिस्कसाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत जी मुदत सर्वसाधारणपणे लिहिलेली असते ती ६० सेकंदांची.

मग मशीनपुढे बसून पहिली परीक्षा घेतली. गेम बॉर्डरलेस विंडोमध्ये लावला, टास्क मॅनेजर ‘नेहमी वर’ ठेवून परफॉर्मन्सच्या पानावर गेमची डिस्क उघडली आणि मुलाला गाडी चालवायला बसवलं. गेम अडकला त्या क्षणी आलेख वर गेला : डिस्कचा सक्रिय वेळ १०० टक्के, आणि वाचनाचा वेग ० केबी. पूर्ण कामात आहे आणि एक अक्षरही देत नाही. विंडोजची डिस्क शेजारी शांत, तिच्यामुळेच टास्क मॅनेजर इतका सुरळीत चालत होता. दोन्ही एकाच डिस्कवर असतं तर सगळं विंडोजच गोठल्यासारखं दिसलं असतं आणि निदान अवघड झालं असतं.

त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टम. पिवळ्या त्रिकोणांची रांग होती. स्रोत स्टोरएएचसीआय, क्रमांक १२९, मजकूर ‘रीसेट टू डिव्हाइस… वॉज इश्यूड’. त्यात ‘रेडपोर्ट’ असा शब्द येतो (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत), तो पाहून ‘माझ्याकडे तर रेड नाही, मग ही नोंद माझी नसेल’ असं समजून लोक पुढे जातात. विंडोज साध्या साटा पोर्टलाही तेच नाव देतं. वहीतल्या वेळा आणि या नोंदी शेजारी ठेवल्या तर नोंद पडायची ती गेम सुटण्याच्या क्षणी. तेही बरोबरच आहे. गेम डिस्ककडे काहीतरी मागतो, उत्तर येत नाही, विंडोज मुदत संपेपर्यंत थांबतं, मग पोर्ट रीसेट करतं, तेव्हा ही नोंद लिहिली जाते, मागणी पुन्हा पाठवली जाते, या वेळी उत्तर येतं आणि गाडी सुटते. अधेमधे डिस्कच्या नावाने १५३ क्रमांकाच्या नोंदीही होत्या, म्हणजे एखादं वाचन पुन्हा करावं लागलं.

इथे मला कळकळीने एक गोष्ट सांगायची आहे. फॉरमॅट मारला की या सगळ्या नोंदी जातात. फॉरमॅटआधी या मशीनवर दिवाळीपासूनच्या १२९ च्या नोंदी असणारच. पहिल्याच दिवशी कुणी ते पान उघडलं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं. फॉरमॅट हा पहिला उपाय म्हणून करणं म्हणजे तपासाआधी पुरावा धुऊन टाकणं. नवं विंडोज टाकायचंच असेल तर निदान सिस्टमचा लॉग फाइल म्हणून बाजूला साठवून ठेवा. राइट क्लिक करून सेव्ह करायला मिनिटही लागत नाही.

डिस्क, केबल की पोर्ट?

१२९ चा अर्थ ‘डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही’ एवढाच. एसएसडी स्वतः मरत असेल, तिला वीज नीट मिळत नसेल, पोर्ट खराब असेल, केबल सैल असेल किंवा वीजबचतीसाठी झोपवलेली साटा लिंक वेळेत जागी होत नसेल, नोंद तीच पडते. यातून एकाला वेगळं काढायचं तर डिस्कची स्वतःची वही वाचावी लागते, म्हणजे स्मार्ट. त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं साधन पुरेसं आहे.

त्यात वर मोठ्या निळ्या चौकोनात ‘गुड’ आणि टक्केवारी दिसते. तिथेच समाधान मानून खिडकी बंद केली जाते. या एसएसडीचीही तब्येत ‘गुड’ होती आणि ते खोटं नव्हतं. पाहायच्या होत्या दोन जागा. एक, ‘ट्रान्सफर मोड’. तिथे दोन आकडे असतात, डावीकडे आत्ता कोणत्या वेगाने बोलणं चालू आहे तो, उजवीकडे जास्तीत जास्त जमणारा. इथे ‘साटा/३००, साटा/६००’ असं होतं. सहाशेला बोलू शकणारी डिस्क तीनशेवर उतरली होती. जोडणी वारंवार चुकू लागली की दोन्ही बाजू वेग कमी करून बोलायला लागतात. दुसरी जागा, सी७ ही ओळ, अल्ट्राडीएमए सीआरसी एरर. साटावरून जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर ३२ बिटांची पडताळणी जाते. ती जुळली नाही की गठ्ठा टाकून पुन्हा मागवला जातो आणि सी७ चा आकडा एकाने वाढतो. म्हणजे हा आकडा डिस्कच्या आतल्या चिपबद्दल बोलत नाही, वाटेबद्दल बोलतो. आतली चिप खराब होऊ लागली तर सेक्टर बदलल्याचे, वाचता न आल्याचे आकडे वाढतात. ते शून्य होते.

सी७ समोर रॉ व्हॅल्यू होती १ए४. हे साधन आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळा अंकांच्या पद्धतीत, दाखवतं, म्हणून ‘ए’ दिसला. मेनूतून दशमान निवडल्यावर ४२०. हा आकडा कधीच शून्यावर येत नाही, डिस्कच्या जन्मापासूनची बेरीज असते. त्यामुळे ४२० पाहून घाबरण्यात किंवा निश्चिंत होण्यात अर्थ नाही. तो वाढतोय का, एवढंच पाहायचं.

वाढतोय का हे पाहायला गेम खेळत बसायची गरज नव्हती. स्टीम या गेम विकत घेऊन उतरवायच्या ॲपमध्ये गेमच्या फाइल्स पडताळण्याची सोय आहे. जीटीएच्या शंभराहून जास्त जीबी फाइल्स ती डिस्कवरून सलग वाचून काढते. जोडणीवर भार टाकायला यापेक्षा चांगली परीक्षा नाही. मागचं पॅनल काढून एसएसडी डोळ्यांसमोर येईल अशी व्यवस्था केली आणि पडताळणी लावली. संपली. कुठे अडकली नाही. सी७ होता तिथेच, ४२०.

पॅनल परत बसवून, स्क्रू घट्ट करून तीच पडताळणी पुन्हा लावली. अर्ध्याच्या आसपास बार थांबला, डिस्क १०० टक्के, वेग शून्य. सुटल्यावर सी७ झाला ४३७.

दुकानात मशीन का चालायचं याचं उत्तर तिथे मिळालं. टेबलावर तपासताना कॅबिनेट उघडं असतं. शिवाय फरमार्क कार्डाला तापवतो, डिस्कला काही विचारतच नाही. लाइटचा काही संबंध नव्हता. घर आणि दुकान यातला फरक होता तो एका पत्र्याच्या पॅनलचा.

आता पॅनलच्या आत काय होतं ते जवळून. अडीच इंची एसएसडी या कॅबिनेटात मदरबोर्डाच्या पाठीमागे बसते, पाठीचा पत्रा आणि पॅनल यांच्यामधल्या अरुंद जागेत. केबलीचा प्लग सरळ जातीचा, म्हणजे वायर एसएसडीपासून सरळ बाहेर निघणारी. जागा नसल्याने ती प्लगच्या तोंडाशीच काटकोनात मुरडलेली. दिवाळीच्या साफसफाईत मदरबोर्डाच्या २४ पिनी वायरीचा जाडजूड गठ्ठा झिप टायने नीट बांधला होता, तो नेमका या प्लगवर आला होता. पॅनल लावलं की ते गठ्ठ्याला दाबायचं, गठ्ठा प्लगला. प्लगला लॉकची धातूची पट्टी नव्हती. बॅटरीचा उजेड तिरका पाडून पाहिलं तर प्लग एका टोकाला पूर्ण बसलेला आणि दुसऱ्या टोकाला नखाएवढी फट. त्या चिमुकल्या प्लगात सात पट्ट्या असतात, चार माहितीच्या, तीन ग्राउंडच्या. टोकाची पट्टी जेमतेम टेकलेली असली की काही वेळ सगळं चालतं आणि भार वाढला की चुकायला लागतं.

केबल लगेच बदलायचा मोह होतो. पण एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कारण कळतं. आधी फक्त झिप टाय कापून वायरींचा गठ्ठा बाजूला नेला, जुनी केबल तशीच ठेवून पॅनल लावलं आणि पडताळणी चालवली. सी७ वाढण्याचा वेग उतरला, पण वाढणं थांबलं नाही. सरळ प्लगला पॅनल स्वतःच टेकत होतं. मग नवी केबल लावली, एसएसडीच्या बाजूला एल आकाराचा प्लग आणि दोन्ही टोकांना लॉक असलेली. किंमत दीडशे रुपयांच्या आत. पोर्ट तोच ठेवला, एसएसडी तीच, विजेचा प्लग तोच. पॅनल लावून पडताळणी पूर्ण झाली, आकडा जागचा हलला नाही आणि ट्रान्सफर मोड दोन्ही बाजूंनी ६०० वर आला. पोर्ट, पॉवर सप्लाय आणि एसएसडी तिघेही एकाच परीक्षेत निर्दोष ठरले. नव्या केबलीनंतरही आकडा वाढता असता तर पुढची पायरी पोर्ट बदलण्याची होती. आणि सी७ स्थिर असूनही १२९ च्या नोंदी येतच राहिल्या असत्या, तर पॉवर प्लॅनमधली साटा लिंकची वीजबचत बंद करून पाहिली असती.

वडिलांनी एक रास्त शंका काढली. “इतक्या वेळा चुकलंय म्हणताय, मग आतल्या फाइल्स खराब झाल्या असतील की.” तसं नाही. पडताळणी चुकली की तो गठ्ठा टाकूनच दिला जातो, म्हणूनच तर वेळ जात होता. स्टीमला एकही फाइल नव्याने उतरवावी लागली नाही. कॉलेजची कामं त्याच डिस्कवर होती, म्हणून चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-तपासणीही चालवली. तीही स्वच्छ निघाली.

मग आधीच्या शोधाशोधीत झालेले बदल मागे घेतले. हे काम बहुतेक जण विसरतात. एक्सएमपी बंदच राहिली होती, त्यामुळे ३२०० ची रॅम हळू चालत होती आणि गेमच्या फ्रेम विनाकारण कमी मिळत होत्या; ती चालू केली. कुणीतरी पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा, बंद करून ठेवली होती, ती विंडोजच्या ताब्यात परत दिली. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये सगळं सर्वांत खाली ओढलेलं होतं, ते मुलाने स्वतः आनंदाने वर नेलं.

काही आठवड्यांनी त्याचा मेसेज आला. अनरियल इंजिन ५ वर बनलेला एक नवा गेम टाकलाय आणि तो झटके देतोय. पुढे त्यानेच लिहिलं होतं : झटका अर्ध्या सेकंदाचा, नवीन जागी पहिल्यांदा गेलं की येतो, त्याच जागी परत गेलं की नाही, डिस्कॉर्ड आणि गेमचा आवाज चालू राहतो, १२९ नाही, सी७ तेवढाच, मग हे शेडर असणार ना, दादा? बरोबर होतं. शेडर म्हणजे दृश्य रंगवायला कार्डाला लागणारे छोटे प्रोग्रॅम, ते पहिल्यांदा तयार होताना असा झटका येतो. त्याला एवढंच कळवलं की गेम पहिल्यांदा उघडल्यावर शेडर तयार करण्याचा बार पूर्ण होऊ दे, मध्येच वगळू नकोस. आणि ड्रायव्हर बदलला की ते काम पुन्हा एकदा होणार, तेव्हा पहिला तास झटके आले तर कॅबिनेट उघडू नकोस.